चाळीस दिवस उपाशी ठेवलेलं घड्याळ

संत्र्याच्या बगीच्याला देतात तसा चाळीस दिवसांचा ताण मी माझ्या सासऱ्यांच्या स्मार्टवॉचला दिला, आणि ते मेलं.

यात घड्याळाची काही चूक नव्हती, आणि सासऱ्यांची तर अजिबातच नव्हती. शहाणपण सगळं माझं. मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. विद्युतधारेचा धडा मी झोपेतसुद्धा शिकवू शकतो. काही विद्यार्थ्यांच्या मते तसाच शिकवायचो. अशा माणसाच्या हातून बॅटरी मरावी म्हणजे आचाऱ्याच्या घरी भात करपल्यासारखं आहे. पण झालं खरं.

माझे सासरे, त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणतो, शेंदूरजनाघाटला आपल्या बगीच्यातच राहतात. गावापासून दीडेक किलोमीटरवर दोन खोल्या, पुढे टिनाचं शेड, एक विहीर, आणि मग संत्राच संत्रा. वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई गेल्यापासून एकटे. दोन वर्षांपूर्वी झाडातल्या वाळक्या काड्या कापताना ते शिडीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली आणि दीड तास तिथेच झाडाखाली पडून राहिले. बांधावरून जाणाऱ्या एका माणसाने हाक ऐकली म्हणून बरं. मामाजींचं आजही म्हणणं आहे की ते पडले नव्हते, आराम करून राहिले होते.

माझ्या बायकोला हे पटलं नाही. ती त्यांची एकुलती एक लेक. तिने त्यांना उचललं आणि अमरावतीला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत त्यांनी गॅलरीतल्या तुळशीला इतक्या वेळा पाणी घातलं की खालच्या मजल्यावरच्या बाई छत्री घेऊन कपडे वाळत घालू लागल्या. तुळस गेली. मामाजीही हळूहळू त्याच वाटेला लागल्यासारखे दिसू लागले. सोफ्यावर बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "बाई, मले माह्या झाडाखाली नेऊन सोड. इथं मी वाळून राहिलो."

मग तह झाला. आमची लेक पुण्याला असते. तिने नवं स्मार्टवॉच घेतलं होतं, तिचं जुनं, तीन वर्षं वापरलेलं, आजोबांना पाठवून दिलं. ते मनगटावर बांधायचं, ते मामाजींच्या फोनला जोडायचं, आणि फोनवरून त्यांची पावलं, नाडी वगैरे बायकोच्या फोनवर दिसणार. तहाची कलमं बायकोने तोंडी वाचून दाखवली, तिच्या माहेरच्या बोलीत, जिथे बाईही 'येतो-जातो'च म्हणते.

"पाहा बाबा, घड्याळ हातात पाह्यजे. रोज संध्याकाळी तुमची पावलं मले दिसली पाह्यजे. ज्या दिवशी नाही दिसली, त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो म्हणजे येतो. मंग अमरावती. मंग मी एक शब्द ऐकणार नाही."

"माही पावलं तं बगीच्यात समद्याले दिसतात," मामाजी म्हणाले, "पण पाह्य तू फोनात."

म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचं आपल्या बगीच्यात राहणं त्या दिवसापासून बोटाच्या पेराएवढ्या बॅटरीवर टांगलं गेलं. आणि बॅटरी कशी होती? दीड दिवसात मान टाकणारी. त्यातून शेतावरची लाइन स्वतःच्या मर्जीने येणारी-जाणारी. पहिल्याच महिन्यात घड्याळ दोनदा बंद पडलं. बायको दोन्ही वेळा पर्स उचलून दारापर्यंत गेली. तिसऱ्या वेळेला जिना उतरेल हे उघड होतं.

तेव्हा मी म्हणालो, "माझ्यावर सोड. शेवटी हा माझा विषय आहे."

या वाक्यापासून आमच्या घरातल्या बहुतेक नुकसानीची सुरुवात होते.

तरी पहिला अंक चांगला गेला, हे मी न लाजता सांगतो. एका रविवारी मी शेंदूरजनाघाटला गेलो आणि दिवसभर वही घेऊन मामाजींच्या मागे मागे फिरलो. घड्याळ कशाने थकतं ते मला बघायचं होतं. दुपारपर्यंत सगळं ध्यानात आलं. हात वर केला की वेळ दिसावी म्हणून घड्याळ आपोआप उजळायचं. शहरातला माणूस वेळ बघायला दिवसातून पन्नास वेळा हात उचलत असेल. मामाजी फांदीला हात घालायला मिनिटातून सहा वेळा उचलत होते. घड्याळ बिचारं प्रत्येक वेळी दचकून उठायचं, वेळ दाखवायचं, आणि बघायला कोणी नाही.

दुसरं, ते मधेच विचारायचं, तुम्ही व्यायाम करत आहात का? मामाजी तिथे बोट टेकवून होकार द्यायचे.

"काहून हो म्हणता, मामाजी?"

"विचारून राहिलं तं हो म्हणा लागते. नाही म्हटलं तं वाईट नाही वाटत?"

एकदा हो म्हटलं की घड्याळ जागेचा नकाशा काढत बसायचं, संध्याकाळपर्यंत. बायकोच्या फोनवर एक दिवस आलं होतं, व्यायाम सात तास दहा मिनिटं. तिने घाबरून फोन केला होता, "बाबा, तुमी काय करून राहिले?" तर ते डवरणीला, म्हणजे तण काढणाऱ्या बैलांच्या मागे, चालत होते.

तिसरं कारण व्हॉट्सॲप. मामाजी तीन ग्रुपवर: संत्र्यावाले, भजनाचे आणि नातेवाईक. तिन्हीकडून पहाटे पाचपासून शुभ सकाळ सुरू. प्रत्येक शुभ सकाळला मनगटावर थरथर. मामाजींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "जवाईबापू, बाईले नका सांगू. पण माही नाडी लय उडून राहिली रोज सकाळी. दहा वाजले की आपोआप शांत होते."

मी एकेक बंद करत गेलो. हात उचलल्यावर उजळणं बंद. थरथर बंद. व्यायामाची चौकशी बंद. रात्री रक्तातला ऑक्सिजन मोजायचं बंद. नाडी दर सेकंदाऐवजी दहा मिनिटांनी. उजेड कमी. तबकडीवर लेकीने एक उमलणारं फूल ठेवलं होतं, ते सारखं उमलत राहायचं. ते काढून काळ्या पाटीवर साधे आकडे ठेवले. फूल गेल्याचं मामाजींना जरा वाईट वाटलं, पण बोलले नाहीत.

घड्याळ चार दिवस चाललं! दीडाचे चार!

मामाजींनी ही बातमी तालुक्याला, वरुडपर्यंत पोचवली. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत अनोळखी माणसं माझ्याकडे बोट दाखवत होती. "हेच थे जवाई, घड्याळवाले." मी मान खाली घालून मठ्ठा पीत राहिलो, पण मान आतून ताठ होती. इथे मी थांबायला हवं होतं. पण चार दिवस चालतं म्हटल्यावर मला आठ दिसू लागले.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरात जावयाचा शब्द खोडत नाहीत. मामाजींनी एकोणतीस वर्षांत माझं एक वाक्य खोडलेलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बगीचा बघायला गेलो तेव्हा मी एका झाडाकडे पाहून म्हणालो होतो, "यंदा संत्रा जोरात दिसतो." ते म्हणाले, "हो ना, जवाईबापू." तीन वर्षांनी बायकोकडून कळलं, ते लिंबू होतं.

तर डिसेंबर लागला. लेकीच्या बाळंतपणासाठी बायको दोन महिन्यांकरता पुण्याला गेली, आणि मी रिकामा माणूस दर रविवारी बगीच्यात जाऊ लागलो. अशाच एका रविवारी मामाजींनी झाडांचं पाणी तोडलं. आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, बगीचा ताणावर सोडायचे ते दिवस. मी ते इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, की पाणी असताना झाड उपाशी का ठेवायचं?

मामाजी खाली बसले. मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडलं. "सदा पाणी पाजलं तं झाड माजते, जवाईबापू. नुसतं पालाच काढते. चाळीस-पन्नास दिवस उपाशी ठेवलं की घाबरते. आतमधी जीव साठवते. मंग पाणी सोडलं की असं फुलते, असं फुलते, की पान दिसत नाही."

माझ्या डोक्यात जे लखकन चमकलं, ते तिथेच विझलं असतं तर किती बरं झालं असतं! पंचवीस वर्षांपूर्वी, मोबाइल नवे होते तेव्हा, दुकानदार सांगायचा, बॅटरी पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा, ताकद वाढते. त्या वेळच्या बॅटऱ्या वेगळ्या होत्या, हे मला माहीत होतं. निदान माहीत असायला हवं होतं. पण मामाजींचं झाड आणि दुकानदाराचा सल्ला एकमेकांना असे काही भेटले की माझा सिद्धांतच तयार झाला. हे घड्याळ माजलंय. रोज चार्जिंग पाजून पाजून आपण त्याला आळशी केलंय. याला ताण द्या. चाळीस दिवस. मग आठवडाभर चालेल.

मी हे मामाजींना फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताणाच्या बाबतीत ते पंचक्रोशीत मानलेले. पण जावई बोलत होता.

"हो ना, जवाईबापू," ते म्हणाले. मग फार सावकाश, "फक्त एक हाय. ताण जास्त झाला तं झाड वाळते. आमी पान पाहत राहतो. पान पिवळं पडून गळू लागलं की समजते, आता पाणी पाह्यजे. घड्याळाचं कोणतं पान पाहाचं?"

एकतीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्याने इतका अचूक प्रश्न विचारला नव्हता. मी हसलो. "घड्याळाला पानं नसतात, मामाजी."

"हो ना," ते म्हणाले.

बायकोला काय दिसणार, याचीही तजवीज मी केली. पावलं नुसता फोनसुद्धा मोजतो. फोन शर्टाच्या खिशात राहिला की तिकडे पुण्यात पावलं दिसत राहतील. नाडी दिसणार नाही, पण तिच्या मांडीवर नवं नातवंड होतं; बाप चालतोय एवढं कळलं की तिला पुरे होतं. अशा रीतीने मी घड्याळ पूर्ण उतरू दिलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि स्टीलच्या डब्यात घालून फळीवर ठेवलं. झाडांचा ताण आणि घड्याळाचा ताण एकाच रविवारी सुरू झाला.

जानेवारीच्या शेवटी मामाजींनी बगीच्याला पाणी सोडलं. पहिलं पाणी हलकं देतात, म्हणून मीही घड्याळाला आधी फक्त दहाच मिनिटं चार्जिंगला लावायचं ठरवलं. लावलं. काही नाही. अर्धा तास. तासभर. चार तास. मामाजी येऊन बघून जात होते, दवाखान्यात नातेवाईक येतात तसे. घड्याळाच्या काळ्या पाटीत मला माझंच तोंड दिसत होतं.

"येईन हळूहळू," मामाजी म्हणाले. "काही झाडं उशिरा फुटतात."

मी ते खिशात घालून परत आलो. आता अमरावतीत दुकानं कमी आहेत का? पण अमरावतीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला मी शिकवलेलं आहे. मेलेली बॅटरी घेऊन त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जाणार? म्हणून मी दोन तासांची बस धरून माझ्या मूळ गावी, म्हणजे अकोल्याला गेलो. तिथे मला ओळखणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. बाजारात एका बोळात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं छोटं दुकान दिसलं. दाढीवाला, चाळिशीचा, डोळ्याला भिंग लावलेला. मी घड्याळ पुढे केलं. त्याने पाठ उघडली, भिंगातून पाहिलं, भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"सर, पहचाना नहीं? अमरावतीले मामाकडे राहून बारावी केली ना मी. आखरी बेंच. तुमी म्हणले होते, तुह्या हातून साधा बल्ब नाही लागणार."

मी म्हणालो, "असं म्हणालो होतो का मी?"

"पूरे क्लास के सामने, सर." त्याला राग नव्हता, उलट फार आनंद झाला होता. त्याने चहा मागवला, स्टूल पुसून दिलं. मग चिमट्याने बॅटरी उचलून उजेडात धरली. ती उशीसारखी फुगली होती. "इसको क्या किया सर आपने?"

मी ताणाची गोष्ट सांगितली. संत्रा, आंबिया बहार, चाळीस दिवस, स्टीलचा डबा. तो मन लावून ऐकत होता. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "भूखा मार दिया सर आपने इसको. लिथियमले झिरोवर ठेवतच नाहीत. आधीच जुनी बॅटरी, वरून चाळीस दिवस." आणि याची दुसरी बॅटरी आता येत नाही, हेही त्याने सांगितलं. निघताना मला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. आयुष्यात मला एवढा मान देऊन कोणी नापास केलं नाही.

बायकोला सांगावं की नाही यावर मी बसमध्ये पूर्ण दोन तास विचार केला आणि न सांगायचं ठरवलं. ती यायला पंधरा दिवस होते. तोवर दुसरं घड्याळ बघू. मामाजींना फोन करून एवढंच म्हणालो, "थोडा वेळ लागेल."

"लागू द्या, जवाईबापू. घाई काय हाय?"

आठव्या दिवशी सकाळीच ऊन चढलं म्हणून मामाजींनी शर्ट काढून झाडाला टांगला आणि बंडीवर कामाला लागले. शर्टाच्या खिशात फोन. सकाळपासून शर्ट झाडावर, संध्याकाळीही झाडावर. पुण्यात बायकोने पाहिलं: पावलं, एकशे बारा. तिने फोन लावला. फोन झाडावर वाजला. पुन्हा लावला. सतरा वेळा लावला. मामाजी विहिरीवर होते. शेवटी तिने गावातल्या ओळखीच्या घरी फोन केला, ते गाडीवर धावत आले, तर मामाजी हौदात पाय सोडून बसलेले.

दुसऱ्या दिवशी ती पुण्याहून आली आणि घरात चप्पल न काढता म्हणाली, "गाडी काढा."

वरुड मागे पडलं तसा वास येऊ लागला. ताण सुटलेले बगीचे फुलले होते; काच खाली केली तर गाडी भरून गेली. मामाजींची झाडं पांढरीशुभ्र. त्यांनी सांगितलं होतं तसंच, पान दिसत नव्हतं. त्यांचा ताण बरोबर आला होता. मी त्या फुलांकडे नीट बघू शकलो नाही.

मामाजी शेडमध्ये उभे होते. बायकोने आधी त्यांचं मनगट पाहिलं. रिकामं.

"घड्याळ कुठं हाय, बाबा?"

मामाजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मी खाली मातीकडे पाहत होतो.

"म्याच काढून ठेवलं," ते म्हणाले. "टोचत होतं."

"कवापासून?"

"झाले काही दिवस."

"अन् मले पावलं दिसत होती थे?"

"फोन खिशात ठेवत होतो."

"म्हणजे मले फसवलं तुमी?"

बायकोचे डोळे भरले, पण आवाज पक्का होता. "झालं तं मंग. बोलणं झालं होतं आपलं. जेवण झालं की सामान बांधू."

ते हो म्हणाले. हो, म्हणाले! ज्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर आठ दिवसांपलीकडे काढवलं नाही, त्याने लेकीपुढे जावयाची फजिती होऊ नये म्हणून फुललेला बगीचा सोडायला एका शब्दात होकार दिला. आणि मी, पदव्युत्तर पदवीधर, विद्युतधारा विशेष, गप्प.

बायकोने भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं. आम्ही दोघं जेवायला बसलो. मामाजींनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे.

"बाई, जवाईबापूले तूप नाही वाढलं."

"वाढतो."

"जास्त वाढ. एवढ्या दुरून गाडी चालवत आले थे."

तूप वाढलं गेलं. मी एक घास घेतला. दुसरा काही घेता येईना.

"घड्याळ मी मारलं," मी म्हणालो.

बायकोच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली. "काय?"

मग मी सगळं सांगितलं. सिद्धांत, स्टीलचा डबा, अकोल्याचं दुकान, आखरी बेंच, फुगलेली बॅटरी. मध्ये एकदा मामाजी म्हणाले, "जाऊ दे ना बाई, हेतू चांगला होता त्यायचा," तर ती म्हणाली, "बाबा, तुमी जेवा." मी संपवलं तेव्हा तिने तुपाची वाटी खाली ठेवली.

"घड्याळाले ताण," ती म्हणाली.

"हो."

"संत्र्यासारखा."

"हो."

"अन् तुमाले बाबांनी सांगतलं नाही, का असं होत नाही?"

"पान कोणतं पाहायचं, असं विचारलं होतं त्यांनी."

ती हसायला लागली. आधी रडली होती, त्यामुळे दोन्ही एकत्र झालं, पदराने तोंड झाकलं आणि बराच वेळ हलत राहिली. मामाजी काळजीने बघत होते. मग तिने लेकीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि तुह्या पप्पांनी काय केलं ते ऐक म्हणून सुरुवात केली. लेक तिकडे हसली, मागे बाळ रडलं, आणि मग ती शहाण्या माणसासारखं बोलली.

"आबा, ऐका. या बॅटरीला पूर्ण उतरू द्यायचं नसतं. वीस टक्क्यांच्या आत लावायचंच. शंभर भरायचीही गरज नाही, ऐंशीला काढलं तरी चालतं. रोज थोडं थोडं. फार उन्हात ठेवायचं नाही. आणि काही दिवस वापरायचं नसेल तर अर्धं भरून ठेवायचं."

मामाजींनी घास खाली ठेवला. "म्हणजे ठिबक."

"काय, आबा?"

"ठिबक गं. रोज थोडं थोडं पाणी. मुळाशी सदा ओल, पण चिखल नाही. वाळू द्याचं नाही अन् तुंबूही द्याचं नाही." ते बायकोकडे वळले. "मंग तं सोपं हाय. सकाळी अंघोळीले जातो तवा लावतो. अंघोळ, पूजा, च्या. तेवढ्या वेळात होते थे. दिवसा लाइन नसली तं गावात दूध घालाले जातोच मी, डेअरीत लावीन अर्धा घंटा. वीस काय, चाळीसच्या खाली जाऊ देत नाही."

"अन् शर्ट?" बायकोने विचारलं.

"शर्टाची चुकी माही. फोन आता बंडीच्या खिशात."

"अन् शिडी?"

मामाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "शिडीवर दुसऱ्याले चढवतो. मी खालून दाखवतो."

मला वाटतं, बायकोला तेव्हा कळलं की तिच्या बापाला सांभाळायला घड्याळ लागेल, पण घड्याळ सांभाळायला बाप एकटा पुरे आहे. ती म्हणाली, "नवं घड्याळ घेऊन येतो मी पंधरा दिवसांनी. तोवर रोज दोन टाइम फोन. मंग पाहतो."

"मंग पाहतो" म्हणजे सामान बांधायचं नव्हतं. मामाजींनी उरलेली भाकरी दोन घासांत संपवली आणि आणखी एक मागितली.

पंधरा दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ फोन केला, घड्याळाच्या काट्यावर, हातात घड्याळ नसताना. पंधराव्या दिवशी आम्ही नवं घेऊन गेलो. बायकोने ते स्वतः त्यांच्या मनगटावर बांधलं, पट्टा सैल केला, परत आवळला. फोनला जोडलं. तिच्या फोनवर पहिली पावलं उमटली: चौदा. मामाजी शेडमधून विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. तिने मोजून बघितलं, बरोबर निघालं. तबकडीवर बायकोने पुन्हा उमलणारं फूल ठेवलं होतं. मामाजींनी ते बघितलं आणि बाहीने काच पुसली.

"बाबा," बायको म्हणाली, "तुमी राहा इथंच."

"हो बाई," ते म्हणाले.

एवढं चांगलं चाललेलं पाहून माझ्याच्याने राहवेना. फुलामुळे बॅटरी जास्त जाते, हे तर खरं आहे ना? मी पुढे झालो. "मामाजी, दाखवा जरा. एक-दोन सेटिंग बदलून देतो, म्हणजे अजून दोन दिवस—"

मामाजींनी हात झटकन पाठीमागे घेतला. खाटेकडे मान वळवून मला जागा दाखवली, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य अर्ध्यात तोडलं.

"जवाईबापू, तुमी बसा. तुमी बसून राह्यले की समदं बराबर चालते."